क्लाउडच्या परीक्षेतले सिक्युरिटीचे शब्द एकमेकांत घुसून राहिले, कोणी नीट सांगा ना

दारव्हा_लाइन:

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या खेड्यावरून लिहून राहिलो. बीएस्सी झाली, आता एडब्ल्यूएसची, म्हणजे अमेझॉनच्या क्लाउडची, क्लाउड प्रॅक्टिशनर परीक्षा द्यायची आहे, सीएलएफ-सी०२ वाली. व्हिडिओ पाहताना सगळं समजते पण सराव पेपर उघडला की चारपैकी दोन पर्याय सारखेच दिसतात. क्लाउडट्रेल की क्लाउडवॉच, सिक्युरिटी ग्रुप की नेटवर्क एसीएल, युजर की रोल, दर वेळी उलटंसुलटं होते. शेअर्ड रिस्पॉन्सिबिलिटीची (कोणतं काम एडब्ल्यूएसचं अन् कोणतं आपलं याची) व्याख्या तोंडपाठ आहे, प्रश्न फिरवून आला की गाडी अडली. पेपरात सिक्युरिटी अन् कंप्लायन्सलेच ३० टक्के वजन आहे त्यामुळे सोडूनही चालत नाही. इकडे क्लास नाही, विचारायला माणूस नाही. याद्या पाठ करू का दुसरा काही मार्ग आहे? इंग्रजी वाचतो पण हळू.

हिंगणघाटची_ताई:

याद्या पाठ करणं आधी बंद कर भाऊ. या परीक्षेत प्रसंग देतात आणि विचारतात की हे काम कोणाचं, किंवा इथे कोणती सर्व्हिस लागेल. म्हणून कोणताही शब्द आला की "यातलं माझ्या हातात काय आहे" एवढंच स्वतःला विचार. ईसीटू म्हणजे भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर घेतला तर इमारत, वीज, डिस्क, हायपरवायझर (एका मशीनवर अनेक सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) हे एडब्ल्यूएसचं, पण वरच्या लिनक्सचे पॅच तुझे. ईसीटूवरचा डेटाबेस आरडीएसवर, म्हणजे त्यांच्या तयार डेटाबेस सर्व्हिसवर, नेला की ऑपरेटिंग सिस्टिमचे पॅच त्यांच्याकडे गेले, मात्र डेटाबेसमध्ये युजर कोण, पासवर्ड काय, तो इंटरनेटला उघडा ठेवला की नाही हे तुझ्याकडेच राहिलं. लॅम्डामध्ये फक्त कोड द्यायचा, सर्व्हर दिसतच नाही तरी कोड तुझा आणि त्या कोडला दिलेल्या परवानग्या तुझ्याच. सर्व्हिस बदलली की मधली रेष वरखाली सरकते, टोकं मात्र हलत नाहीत: डेटासेंटरमधली डिस्क कधीच तुझी नाही, आणि तुझा डेटा व कोणाला काय बघू द्यायचं हे कधीच त्यांचं नाही. फिरवलेला प्रश्न आला की आधी ही टोकं तपासायची, बरेच पर्याय तिथेच कटतात.

२०१९ मधलं कॅपिटल वनचं प्रकरण जरूर वाच. अमेरिकेतल्या जवळपास १० कोटी लोकांची माहिती एडब्ल्यूएसवरून चोरीला गेली, पण डेटासेंटरमध्ये कोणी घुसलं नव्हतं. बँकेनं लावलेल्या फायरवॉलचं कॉन्फिगरेशन चुकलं होतं, त्यातून सर्व्हरला जोडलेल्या रोलच्या (परवानग्यांच्या संचाच्या) तात्पुरत्या किल्ल्या हाती लागल्या, आणि त्या रोलला एसथ्रीमधलं (फाइल साठवायच्या सर्व्हिसमधलं) गरजेपेक्षा कितीतरी जास्त वाचायची परवानगी होती. लीस्ट प्रिव्हिलेज, म्हणजे गरजेपुरतीच परवानगी, हे पुस्तकात एका ओळीत संपतं. ते इतकं महत्त्वाचं का ते या प्रकरणात दिसतं, मला तरी तेव्हाच ते खरं कळलं.

मोर्शीवाला:

बाप्पा, ताईनं एकदम बरोबर सांगतलं. मी आयएएमचं, म्हणजे कोणाले काय करू द्यायचं त्याचं, सांगतो, पोरं तिथंच अडकतात. ऑथेंटिकेशन अन् ऑथोरायझेशन रेशनच्या दुकानात उभं राहून पाह्य. मशिनवर अंगठा लावला, तू तूच आहे हे पटलं, हे झालं ऑथेंटिकेशन. आता धान्य किती भेटन ते कार्डावर, अंत्योदयले कुटुंबामागं ३५ किलो अन् प्राधान्यवाल्याले माणशी ५ किलो, हे ऑथोरायझेशन. अंगठा जुळला म्हणून कोणी प्राधान्यवाल्याले ३५ किलो मोजून देत नाही. एमएफए (पासवर्डासोबत ओळखीचा दुसरा पुरावा) हे पहिल्या कामाचं, पॉलिसी (परवानग्यांची यादी) दुसऱ्या कामाची, पेपरात हेच दोन उलटे करून टाकतात.

युजरजवळ पासवर्ड असते, ॲक्सेस की असते, आपण बदलत नाही तवरोक तेच चालते. रोलजवळ असं कायमचं काही नसते, जो रोल घेईन त्याले एसटीएस नावाच्या सर्व्हिसकडून थोड्या वेळापुरती किल्ली भेटते अन् वेळ सरला की ती बाद. म्हणून "ईसीटूवरच्या ॲप्लिकेशनले एसथ्रीतल्या फाइल वाचायच्या आहेत" असं दिसलं की रोल. ॲक्सेस की कोडात लिहून टाका हा पर्याय कितीही सोपा वाटो, त्याले हात लावू नको. पॉलिसीत काहीच लिहिलं नसन तं परवानगी नाही असंच धरायचं, अन् एकीत अलाउ दुसरीत डिनाय असन तं डिनाय जिंकते. रूट युजर म्हणजे खात्याचा मालक, त्याले एमएफए लावून ठेवायचं, रोजच्या कामाले तो वापरायचाच नाही.

दारव्हा_लाइन:

अंगठ्याचं पक्कं बसलं दादा, धन्यवाद. सिक्युरिटी ग्रुप स्टेटफुल अन् एनएसीएल (नेटवर्क एसीएल) स्टेटलेस हे पाठ आहे, पण त्यानं प्रत्यक्षात फरक काय पडते हे काही केल्या समजून नाही राहिलं.

वणी_नेटवर्क:

हे वाचून समजत नाही, करूनच पाहा. ईसीटूवर साधा वेब सर्व्हर चालू कर, सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे त्या सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये, पोर्ट ८० आत यायला उघड, मोबाईलवरून पेज उघडते का बघ, उघडेल. आता सर्व्हर ज्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या ज्या तुकड्यात) आहे त्याला एक नवीन नेटवर्क एसीएल, म्हणजे त्या तुकड्याची फायरवॉल, बनवून जोड. स्वतः बनवलेल्या एसीएलमध्ये सुरुवातीला सगळंच डिनाय असते त्यामुळे पेज बंद पडेल. त्यात इनबाउंडला पोर्ट ८० अलाउ कर. तरीही पेज फिरतच राहते, उघडत नाही, अन् इथंच थांबून विचार करायचा आहे. तुझी मागणी सर्व्हरपर्यंत पोचली, सर्व्हरने उत्तरही दिलं, पण उत्तर ८० वर परत जात नसते, तुझ्या मोबाईलने त्या कनेक्शनसाठी जो तात्पुरता पोर्ट घेतला असतो तिकडे जाते, अन् एसीएलला आठवण नसल्यामुळे हे आधीच्या मागणीचं उत्तर आहे हे त्याला कळत नाही, ते दारातच अडवते. आउटबाउंडला १०२४ ते ६५५३५ अलाउ कर, पेज लगेच येते.

आता सिक्युरिटी ग्रुपचे आउटबाउंडचे सगळे नियम काढून टाक अन् पेज परत लोड कर. तरी उघडते! कारण आत आलेलं कनेक्शन त्याने लक्षात ठेवलेलं असते, त्याच्या उत्तराला वेगळी परवानगी लागत नाही. हे एकदा डोळ्यानं पाहिलं की स्टेटफुल स्टेटलेस जन्मात विसरत नाही माणूस.

पेपरात याचा एक ठरलेला प्रश्न येतो, एका ठरावीक आयपीवरून त्रास होत आहे, तो अडवायचा आहे. सिक्युरिटी ग्रुपमध्ये डिनाय लिहिताच येत नाही, फक्त अलाउ, म्हणून उत्तर एनएसीएल. एनएसीएलमध्ये नियमांना नंबर असतात, लहान नंबर आधी तपासला जातो अन् पहिला जुळला की पुढचे बघतच नाही.

हिंगणघाटची_ताई:

ट्रेल-वॉचचं राहिलंच की. बकेट (एसथ्रीतला फाइलींचा डबा) कोणी डिलीट केली, किती वाजता, कोणत्या आयपीवरून, हे क्लाउडट्रेल सांगेल. सीपीयू ९० टक्क्यांवर गेला, मला मेल पाठव, हे क्लाउडवॉचचं काम. आणि एक तिसरा भाऊ असतो कॉन्फिग: काल हा सिक्युरिटी ग्रुप बंद होता, आज सगळ्या जगाला उघडा आहे, हा बदल तो दाखवतो. ट्रेलमध्ये मागच्या ९० दिवसांचा मॅनेजमेंट इव्हेंटचा (काही बनवलं, बदललं, डिलीट केलं अशा कामांचा) इतिहास आपोआप दिसतो, मात्र बकेटमधली एकेक फाइल कोणी वाचली किंवा उडवली हे डेटा इव्हेंट वेगळे चालू केल्याशिवाय दिसत नाही.

तसंच गार्डड्यूटी लॉग वाचून संशयास्पद हालचाल पकडते, इन्स्पेक्टर सॉफ्टवेअरमधल्या माहीत असलेल्या त्रुटी शोधते, मेसी एसथ्रीमध्ये कोणाची खाजगी माहिती पडून आहे का ते बघते. ऑडिटरला एडब्ल्यूएसचे कंप्लायन्स रिपोर्ट पाहिजेत म्हटलं की आर्टिफॅक्ट. या पातळीला यांचं एवढं पुरतं.

दारव्हा_लाइन:

वणीवाल्या दादानं सांगितलं ते करून पाहतो. पण खातं उघडायला कार्ड लागते म्हणतात. घरी वडिलांच्या खात्यातून पैसे कटले तं मोठी पंचाईत होईन, त्यानंच थांबलो होतो.

वणी_नेटवर्क:

तुझी काळजी बरोबर आहे, पण मार्ग आहे. १५ जुलै २०२५ पासून नव्या खात्याला फ्री प्लॅन निवडता येतो, उघडल्यावर १०० डॉलरचं क्रेडिट अन् काही ठरलेली कामं करून आणखी १०० पर्यंत. सहा महिने झाले किंवा क्रेडिट संपलं की तो प्लॅन संपतो, अन् तू स्वतः पेड प्लॅनवर जात नाही तोपर्यंत बिल लागत नाही. खातं उघडताना फ्री निवडलं आहे ना हे दोनदा बघ. तरी बजेट अलर्ट लावून ठेवच. नॅट गेटवे (खाजगी सर्व्हरला इंटरनेटवर बाहेर जाऊ देणारी सर्व्हिस) प्रयोगापुरता बनवला तर त्याच दिवशी डिलीट कर, तो नुसता पडून राहिला तरी तासावर क्रेडिट खातो. पब्लिक आयपीव्हीफोर पत्त्यालाही १ फेब्रुवारी २०२४ पासून तासाला पैसे लागतात, म्हणून काम झालं की ईसीटू टर्मिनेट.

मोर्शीवाला:

अन् परीक्षेचं. ६५ प्रश्न, ९० मिनिटं, १००० पैकी ७०० पाह्यजेत. त्यातल्या १५ प्रश्नांचे मार्क धरतच नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही म्हणून सगळेच मनापासून सोडवायचे. चुकलं तं मार्क कापत नाहीत, कोरं काही ठेवू नको. घरून देता येते पण वेबकॅम पूर्ण वेळ चालू पाह्यजे, खोलीत दुसरं कोणी नको, अन् आपल्याकडं लाइन कवा जाईन याचा भरवसा नाही. माझं ऐकशील तं नागपूरले सेंटरवर जाऊनच दे.

हिंगणघाटची_ताई:

सेंटरचं मीही तेच म्हणते. आणि इंग्रजी हळू वाचतो म्हणालास ना, मग हे आधी कर: ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना इंग्रजी पेपरला ३० मिनिटं जास्त मिळतात, फुकट. सर्टिफिकेशनच्या खात्यात लॉगिन करून अकॉमोडेशनच्या विनंतीत ईएसएल प्लस ३० निवडायचं. पण हे तारीख बुक करायच्या आधी. आधीच बुक केलेल्या पेपरला ती वेळ जोडली जात नाही.

दारव्हा_लाइन:

हे तं मले कोणीच सांगितलं नव्हतं ताई. तारीख अजून घेतली नाही, आजच टाकतो विनंती.