इंडियानाचं कोलंबस : त्या गावची माणसं आणि आपल्या आठवणी

रानजाई
लेक हॉस्टेलवरून आलाय. काल त्याचे बूट धुवायला काढले. कॅनव्हासचे, घोट्यापर्यंतचे, बाजूला गोल बिल्ला आणि त्यात निळा तारा. घासता घासता बिल्ल्यावरची सही वाचली, चक टेलर, आणि ब्रश हातातच राहिला. अरे, हा तर आमच्या गावचा!

आमचं गाव म्हणजे कोलंबस, इंडियाना. इंडियानापोलिसच्या दक्षिणेला गाडीने पाऊण-एक तास, वस्ती चाळीस-पन्नास हजार. २००५ ते २००९ आम्ही तिथे होतो. नवरा इंजिनांच्या कंपनीत, मी एच-४ वर (नवऱ्यावर अवलंबून असलेल्या बायकोचा व्हिसा), गाडी चालवता येत नव्हती, लेक तान्हा. थंडी नसेल तेव्हा रोज बाबागाडी ढकलत लायब्ररी गाठायची. लायब्ररीसमोर शिल्पकार हेन्री मूरची ब्राँझची कमान आहे, वीस फूट उंच, मोठ्या थोरल्या हाडासारखी दिसणारी. लेक पहिल्यांदा न धरता चालला तो तिच्याखालून.

तिथल्या एका ग्रंथपाल आजींनी मला चक टेलरची गोष्ट सांगितली होती. जन्म १९०१ चा. कोलंबसच्या हायस्कूलमध्ये बास्केटबॉल खेळला, मग बूट विकायच्या नोकरीला लागला. गाडीत खोकी भरून गावोगाव जायचा, शाळांतल्या मुलांना खेळ शिकवायचा आणि त्यातूनच बूट खपवायचा. १९३० च्या दशकात कंपनीने त्याचं नाव बिल्ल्यावर घातलं. आजींनी हे इतक्या मायेने सांगितलं, जणू शेजारच्या घरातला मुलगा.

त्या गावात राहिलेले, येऊन-जाऊन असलेले आपल्यात बरेच असणार. तिथून नाव काढलेल्या माणसांबद्दल जे आठवतंय ते लिहा.

शेवगा
ओहायोचं कोलंबस ना? आम्ही २०११ पासून आहोत. खूपच मोठं आहे की, गाव कसलं!

रानजाई
नाही गं, इंडियानाचं. ओहायोचं इथून तीन-सव्वातीन तास लांब.

तिखटमीठ
सव्वातीन तास मला पाठ आहेत. सासूबाईंचं तिकीट नवऱ्याने घाईत ओहायोच्या कोलंबसचं काढलं होतं. त्या तिथे उतरून बाकावर बसल्या, मांडीवर गोडा मसाल्याची पिशवी. नवरा पोचेपर्यंत पलीकडच्या पंजाबी काकूंना अर्धा मसाला देऊन झाला होता. अजून दर दिवाळीला त्या काकूंचा फोन येतो.

कोथरूडकर
बाबा १९६४ साली कोथरूडच्या कारखान्यात लागले. किर्लोस्कर कमिन्सला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. १९७३ मध्ये त्यांना तीन महिन्यांसाठी कोलंबसला पाठवलं. पूर्ण शाकाहारी माणूस, दूध, ब्रेड आणि केळी यांवर राहिले. पण आयुष्यभर बोलले ते जे. अर्विन मिलरबद्दल.

मिलर गावचाच, जन्म १९०९. घरची बँक होती. पणजोबांच्या पिढीपासून पैसा. १९३४ मध्ये तिथल्याच कमिन्स या इंजिन कंपनीची सूत्रं हातात घेतली तेव्हा ती तोट्यात होती, नफा दिसायला १९३७ उजाडलं. पुढे त्याने गावाला सांगितलं की शाळा बांधा, वास्तुविशारदाचं मानधन आमचं प्रतिष्ठान देईल, अट एवढीच की आम्ही दिलेल्या नामवंतांच्या यादीतून माणूस निवडा. पहिली शाळा १९५७ मध्ये उभी राहिली. मग शाळांमागून शाळा, अग्निशमन केंद्रं, सगळं. बाबा म्हणायचे, आपल्याकडे मालक देऊळ बांधतो, त्याने अग्निशमनवाल्यांना सुंदर घर दिलं.

आणि तो देवभोळा नव्हे, धर्मनिष्ठ होता. चर्चच्या राष्ट्रीय परिषदेचा धर्मगुरू नसलेला पहिला अध्यक्ष. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या तयारीत परिषदेचा हातभार लागला तो त्याच्याच काळात. १९६७ मध्ये एस्क्वायर मासिकाने मुखपृष्ठावर त्याचा फोटो छापून म्हटलं की हा माणूस पुढचा राष्ट्राध्यक्ष व्हायला हवा. कुकरची शिट्टी झाली, बाकी नंतर.

डिझेलवाला
मिलर मोठाच, पण क्लेसी कमिन्सला विसरू नका राव. आठवीपर्यंत शिकलेला. मिलरच्या आईचा मामा डब्ल्यू. जी. अर्विन, त्याचा ड्रायव्हर. मालकाच्या गॅरेजात खटपट करायचा, मालकाने पैसे घातले आणि १९१९ मध्ये कंपनी निघाली. १९३१ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत त्याची डिझेल गाडी ५०० मैल एकदाही न थांबता पळाली. एकदाही!! इंधनाला नाही, टायरला नाही. नंबर तेरावा, पण असं आधी कुणी केलं नव्हतं. मी ३१ वर्षं इंजिनच खोलतोय, हे लिहिताना अजून अंगावर काटा येतो.

कोथरूडकर
पण क्लेसीचा जन्म कोलंबसचा नाही.

डिझेलवाला
हेन्री काउंटीचा, माहीत आहे. इंजिन कोलंबसचं.

ओली_माती
मी कर्वेनगरच्या कमिन्स कॉलेजची, २००३ ची बॅच. चार वर्षं ते नाव बसच्या पासावर, सबमिशनच्या फायलींवर, ट्रेसिंग पेपरच्या कोपऱ्यात लिहिलं. कंपनीचं नाव, एवढंच ठाऊक. २०१० ला कामासाठी कोलंबसला गेले तेव्हा मुख्यालयाच्या इमारतीत जुनी इंजिनं मांडलेली पाहिली आणि तिथे कळलं की हे एका ड्रायव्हरचं आडनाव आहे.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. पदवीच्या कागदावर छापलेलं ते नाव आईने देवघराच्या वर लावलंय. त्या रात्री हॉटेलातून वडिलांना फोन केला. नीट बोलताच येईना. ते म्हणाले, "काय गं, आजारी आहेस का?"

तिखटमीठ
ओली_माती, डोळ्यात पाणी आणलंस. बाबांना नमस्कार सांग.

रानजाई
खरंच गं. हे कॉलेज १९९१ चं ना? माझी मावसबहीण पहिल्या काही बॅचमधली.

ओली_माती
हो, ९१. नमस्कार पोचवते, सध्या गावी आहेत, आंब्याची राखण चालू आहे.

पट्टीपेन्सिल
आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षी सरांनी स्लाइड दाखवल्या होत्या, तेव्हापासून जायचं होतं. २०१४ मध्ये दोन दिवस मिळाले. एलिएल सारिनेनचं १९४२ चं चर्च, आत गेल्यावर नुसतं बसून राहिले. मग त्याच्या मुलाचं, एरो सारिनेनचं, षटकोनी चर्च. ते १९६४ ला पूर्ण झालं, तो १९६१ लाच गेला होता. बाप-लेकाची कामं एकाच गावात, गाडीने काही मिनिटांवर. रानजाई, तुमची लायब्ररी आय. एम. पेईची, १९६९. लालसर विटांना हात लावून आले.

यातलं कुणीही त्या गावात जन्मलेलं नाही, हे मान्य. पण गावचा माणूस कोण याचा हिशेब मला फक्त जन्मदाखल्यावर करावासा वाटत नाही.

शेवगा
मग आपण सगळेही कोलंबसचे :)

पट्टीपेन्सिल
मी दोन दिवसांची!

गाडीघोडा
टोनी स्टुअर्ट कुणी लिहिलाच नाही? जन्म १९७१, कोलंबसचाच. लहानपणी गो-कार्टवर सुरुवात. २००२, २००५ आणि २०११, तीन वेळा नॅसकार या मोटार शर्यतींचा विजेता. आम्ही राहायचो तेव्हा शेजारच्या गॅरेजच्या दारावर त्याचं पोस्टर होतं. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा, शेजारच्या आजोबांनी त्याला रेसचा झेंडा कधी कुठला हलवतात ते सगळं शिकवलं. आजोबा गेले. मुलगा आता मेकॅनिकल करतोय आणि त्याच्या टेबलावर तो चौकटीचा झेंडा आहे.

हातसडी
नॅसकारमध्ये गाड्या नुसत्या गोल गोल फिरतात ना? प्रामाणिक प्रश्न आहे.

गाडीघोडा
फिरतात, पण ताशी दोनशे मैलांच्या आसपास वेगाने, बाजूची गाडी हातभर अंतरावर. एकदा बघाच.

हळदीकुंकू
माइक पेन्सही तिथलाच. १९५९ चा जन्म, तिथल्याच हायस्कूलमधून १९७७ ला बाहेर पडला, २०१७ ते २०२१ उपराष्ट्राध्यक्ष. २०१६ मध्ये आमच्या गल्लीत एका घरापुढे त्याची पाटी आणि समोरच्या घरापुढे विरोधातली. बर्फ पडला की दोघं एकमेकांचा रस्ता साफ करायचे.

डिझेलवाला
राजकारण नको इथे, धागा चांगला चाललाय.

हळदीकुंकू
राजकारण कुठे लिहिलं, बर्फाबद्दल लिहिलंय.

एकतारी
२००८ चा पूर आठवतो का कुणाला? ७ जून, शनिवार. हॉ क्रीक म्हणजे एरवी ओढा, त्या दिवशी रस्त्यावर आला. रुग्णालय रिकामं करावं लागलं. आमचं तळमजल्याचं अपार्टमेंट, गुडघाभर पाणी, लग्नाचा अल्बम गेला. तीन घरं सोडून राहणाऱ्या बाईंनी आम्हाला चार रात्री ठेवून घेतलं, नाव-गाव न विचारता. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे खिचडी केली. मोठ्या माणसांच्या धाग्यात हे लिहावं की नाही कळत नव्हतं, पण कोलंबस म्हटलं की मला त्याच दिसतात.

रानजाई
एकतारी, लिहायलाच हवं होतं. आम्ही उंचावर होतो म्हणून वाचलो. आमच्या हॉलमध्ये तेव्हा दोन कुटुंबं झोपली होती, त्यातली एकजण गरोदर होती. तिची मुलगी आता सतरा वर्षांची असेल.

तिखटमीठ
झाहाराकोजचं आइस्क्रीम कुणी खाल्लंय? १९०० सालचं दुकान, संगमरवरी काउंटर, आणि ते आपोआप वाजणारं मोठं वाद्य.

रानजाई
आम्ही गेलो तेव्हा लवकरच बंद पडलं आणि निघालो त्या वर्षी डागडुजी होऊन उघडलं. खिडकीतूनच पाहिलं बाई.

हातसडी
टीव्हीवरच्या मिथबस्टर्स कार्यक्रमातला मिशीवाला जेमी हायनेमन पण कोलंबसला वाढलाय, आत्ता मुलाने ओरडून सांगितलं.

गाडीघोडा
काय सांगता! मुलाला पाठवतो हे.

आळूवडी
मध्येच विचारते, मी सप्टेंबरात जातेय, कंपनीच्या कामाने, वर्षभर. गणपतीचं काही होतं का तिथे? आणि मेथी?

हळदीकुंकू
होतं गं. आमच्या वेळी एका घराच्या तळघरात व्हायचा, आता मोठ्या जागेत करतात म्हणे. मेथी आम्ही इंडियानापोलिसहून आणायचो. मोदकाचा साचा नक्की ने. मी मेसेज करते.

रानजाई
कोथरूडकर, बाबांचा तिथला एखादा फोटो आहे का? ७३ म्हणजे कमान नुकतीच, दोनच वर्षं झालेली.

कोथरूडकर
आईच्या ट्रंकेत सापडला! बाबा कमानीखाली उभे, अंगात कुणाचा तरी ओव्हरकोट, बाह्या पंजापर्यंत. मागे बाबांच्या अक्षरात : "ग्रंथालय, कोलंबस. नोव्हें. ७३. आत सर्वांना मोफत प्रवेश."

रानजाई
लेकाला दाखवला. तो म्हणतोय, मीही याच जागी चाललो ना?