आजीच्या भरतकामाच्या अभ्र्यांवर गंजाचे डाग, काय करू?

पंचवटीत जुनं घर आहे आमचं, पावसात स्लॅब गळला आणि पाणी थेट पत्र्याच्या ट्रंकेत, आजीने साखळी टाक्याने भरलेल्या उशीच्या अभ्र्यांवर गंजाचे डाग पडलेत, अगदी मोराच्या पिसाऱ्याजवळ, बघून जीव तुटतो. कसे काढू?

> ब्लीच अजिबात नको, गंज आणखी पक्का बसतो! आधी ओला पांढरा रुमाल दोऱ्यावर दाबून बघा रंग सुटतोय का. नसेल सुटत तर फक्त डागावर लिंबू-मीठ, थोडा वेळ उन्हात, मग गार पाण्याने खळखळून धुवा. घासू नका.

> स्लॅबचं पण बघा हो, गच्चीवरची भेग न बुजवता आतून पुट्टी मारली तर पुढच्या पावसात परत फुगते, आमचे सिडकोतल्या घरी दोनदा पैसे गेले.

> ताई, इस्त्री उलट्या बाजूने करा, खाली जाड टॉवेल ठेवून, टाके चेपत नाहीत.