स्वतःच्या सर्व्हरवर डाउनलोड मॅनेजर: नुसतं आरिया२ की सगळं एकात असलेलं पायलोड?

खटपट्या
चोवीस तास चालू असलेलं एखादं छोटं मशीन हाताशी असलं की मोठ्या फायलींसाठी लॅपटॉप रात्रभर उघडा ठेवणं नकोसं होतं. दुवा तिकडे ढकलायचा आणि मोकळं व्हायचं. पण तिकडे बसवायचं काय? बहुतेक जण वैशिष्ट्यांचा तक्ता बघतात आणि जे सगळ्यात जास्त करतं ते निवडतात. माझं मत नेमकं उलट: जे कमी करतं ते घ्या. म्हणजे आरिया२, नुसतं डाउनलोड करणारा छोटा प्रोग्राम. एचटीटीपी, एफटीपी, एसएफटीपी, बिटटॉरेंट, मेटालिंक (एकाच फाइलच्या अनेक दुव्यांची यादी) एवढं येतं, मेमरी अगदी थोडी खातं. स्वतःचं वेब-पान नाही; ६८०० पोर्टवर जेसन-आरपीसीने (दुसऱ्या प्रोग्रामकडून आज्ञा घ्यायच्या पद्धतीने) बोलतं. पान हवंच तर आरियाएनजी हे वेगळं मिळणारं वेब-पान लावा, त्या नुसत्या एचटीएमएल-जावास्क्रिप्टच्या फायली आहेत. उद्या आरियाएनजीचं काम थांबलं तर दुसरं काही लावता येतं, रांग आणि फायली जागच्या जागी राहतात. पायलोड या दुसऱ्या डाउनलोड मॅनेजरमध्ये मात्र इंजिन, एकेका साइटसाठीचे प्लगइन, वेब-पान, खाती सगळं एकमेकांत गुंतलेलं.

रात्रपाळी
साफ असहमत. तुम्ही थेट दुवा मिळतो असं गृहीत धरलंय. एखाद्या फाइल-होस्टवर (लोकांच्या फायली ठेवून देणाऱ्या साइटवर) तुकड्यातुकड्यांनी ठेवलेली आर्काइव्ह उतरवून बघा: प्रत्येक तुकड्याआधी काउंटडाउन, मग कॅप्चा, मध्येच आयपीची मर्यादा, शेवटी पासवर्ड. पायलोडला सगळे दुवे एकगठ्ठा द्या, ते एकेक करत बसतं आणि शेवटी आर्काइव्ह उघडूनही देतं. आरिया२ला तोच दुवा दिलात तर ते इमानदारीने काउंटडाउनचं एचटीएमएल पान उतरवून ‘पूर्ण’ म्हणतं. आणि देखभालीचं म्हणाल, तर आरिया२ची १.३६.० आवृत्ती ऑगस्ट २०२१ची आणि त्यानंतरची १.३७.० थेट नोव्हेंबर २०२३ची. सव्वादोन वर्षं शुकशुकाट!

खटपट्या
@रात्रपाळी, त्या सव्वादोन वर्षांत एचटीटीपीची रेंज-विनंती (फाइलचा ठरावीक तुकडा मागायची पद्धत) बदलली का? सर्व्हर २०६ म्हणतो, मागितलेला तुकडा देतो, विषय संपला. ज्याचं कामच बदलत नाही त्या प्रोग्रामचं शांत असणं हा दोष कसा? उलट पायलोडचा जीव दुसऱ्यांच्या साइटवर टांगलेला. साइटने पान बदललं की प्लगइन बसलं. आणि २०२३च्या सुरुवातीला समोर आलेलं पायलोडमधलं सुरक्षेचं भोक, सीव्हीई-२०२३-०२९७, आठवतंय ना? ब्राउझरमधून एका क्लिकवर दुवे ढकलायची जी सोय आहे, तिच्यात बाहेरून आलेली जावास्क्रिप्ट जशीच्या तशी चालवली जात होती, आणि तिच्यातून पायथनपर्यंत हात पोचत होता. तेही लॉगिनशिवाय. वापरकर्ता ‘पायलोड’, पासवर्डही ‘पायलोड’ हे मूळ सेटिंग तसंच ठेवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

बिनतारी
भोक गंभीर होतं, पण आरिया२ काही साधुसंत नाही. मुळात त्याचं आरपीसी फक्त त्याच मशीनवरून ऐकतं, हे चांगलंच आहे. पण मग दुसऱ्या मशीनवरच्या ब्राउझरमध्ये आरियाएनजी काही जोडलं जात नाही. माणूस वैतागून ‘आरपीसी-लिसन-ऑल’ (सगळ्या मशीनचं ऐकणं) चालू करतो आणि ‘आरपीसी-सिक्रेट’ (त्याचा पासवर्ड) राहून जातं. आता त्या पोर्टपर्यंत पोचणारा कोणीही डाउनलोडचा फोल्डर आणि फाइलचं नाव स्वतः ठरवू शकतो. प्रोग्राम रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालत असेल तर क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीच्या) फोल्डरात हवी ती फाइल येऊन पडली म्हणून समजा.
डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवायची सोय) वापरत असाल तर यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या भरवशावर राहू नका. बाहेर उघडलेल्या पोर्टसाठी डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉल-नियमांत) स्वतःचे नियम घालतं, यूएफडब्ल्यूला पत्ताही लागत नाही. पोर्ट १२७.०.०.१ला (म्हणजे त्याच मशीनपुरतं) बांधा आणि बाहेरून यायचं तर वायरगार्ड या व्हीपीएनमधून या. हे पायलोडलाही तितकंच लागू.

टर्मिनलप्रेमी
एवढा खटाटोप कशाला? एसएसएच करा (लांबून सर्व्हरच्या टर्मिनलवर जा), टीमक्स उघडा, म्हणजे जोडणी तुटली तरी काम चालू राहतं, मग ‘डब्ल्यूगेट -सी’ ही डाउनलोडची आज्ञा आणि पुढे दुवा. १९९६पासून डब्ल्यूगेट आहे. वेगळं पोर्ट नको, वेगळा पासवर्ड नको, अर्धवट फाइल तिथूनच पुढे सुरू होते.

रात्रपाळी
@टर्मिनलप्रेमी, एकटे असाल तर उत्तम. घरातल्या बाकीच्यांना टीमक्स शिकवून दाखवा, मग बोलू.

चौकस
जेडाउनलोडर या तिसऱ्या डाउनलोड मॅनेजरचं कोणी नावच काढत नाही? फाइल-होस्टच्या प्लगइनमध्ये त्याला तोड नाही.

खटपट्या
@चौकस, प्लगइनबद्दल वाद नाही. पण त्याचा सगळा कोड खुला नाही, आणि ब्राउझरमधून लांबून चालवायचं तर त्यांच्याच सेवेत खातं काढावं लागतं. चालत असेल त्याने खुशाल वापरावं, फक्त त्याला सेल्फ-होस्टेड (पूर्णपणे स्वतःच्या सर्व्हरवरचं) म्हणू नये.

बिनतारी
खटपट्या, तुमच्या लाडक्याची एक खोड सांगतो. ‘सेव्ह-सेशन’ (रांग फाइलीत जपायचं सेटिंग) लावलं तरी रांग लिहिली जाते ती प्रोग्राम रीतसर बंद होताना, कारण ‘सेव्ह-सेशन-इंटरव्हल’ (किती सेकंदांनी रांग लिहायची) मुळात शून्य असतं. वीज गेली की रांग गेली. शिवाय ते डिस्कवर जागा आधीच अडवून ठेवतं, त्यामुळे जेमतेम सुरू झालेली फाइलही यादीत पूर्ण आकाराची दिसते. शेजारी त्याच नावाची, .आरिया२ शेपटीची फाइल नाही ना, हे बघूनच हात लावा. मीडिया सर्व्हर त्याच फोल्डरवर नजर ठेवून असेल तर हा घोळ हमखास होतो.

खटपट्या
मान्य, पण हा दोष एका ओळीत मिटतो: इंटरव्हल ६० सेकंद करा. अवांतर: एका सर्व्हरशी किती जोडण्या, हे मूळ सेटिंगमध्ये १ आहे आणि कमाल १६. लोक बसवल्या बसवल्या १६ करतात आणि मग सर्व्हरने आयपी अडवला की आरिया२च्या नावाने बोटं मोडतात. अडचण तुमच्याच लाइनची असेल तर १६ जोडण्यांनीही वेग तसूभर वाढणार नाही.

रात्रपाळी
म्हणजे इंटरव्हल आपण लावायचं, सिक्रेट आपण, पान वेगळं, फोल्डर वेगळा, आणि हे म्हणे कमी काम! काम तेवढंच राहिलं, फक्त प्रोग्रामच्या गळ्यातलं आपल्या गळ्यात आलं. माझं पायलोड वेगळ्या वापरकर्त्याखाली, आतल्या नेटवर्कपुरतं चालतं आणि तसंच चालणार. आयएसओ (डिस्कची पूर्ण प्रत असलेली फाइल) वगैरे थेट दुव्यांसाठी आरिया२ बाजूला बसवून बघेन. फाइल-होस्टचं मात्र आरिया२कडून करवून दाखवा, मग पायलोड काढायचं बघू.