मदत हवी आहे: सोसायटीच्या हॉलमध्ये सामना अर्धा मिनिट उशिरा दिसतो

नमस्कार मंडळी. मी नागपूरला मनीषनगरात राहतो. भारताचा सामना असला की आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ॲपवरून प्रोजेक्टर लावतो. नेट फायबरचं आहे, १०० एमबीपीएस, चित्र एकदम स्वच्छ. पण समोरच्या बिल्डिंगमध्ये डिश आहे. तिकडे विकेटचा जल्लोष होतो तेव्हा आमच्याकडे बॉलर अजून रनअपवर असतो! जामठ्याचं स्टेडियम व्हायच्या आधी सिव्हिल लाइन्सच्या मैदानात बसून कसोटी पाहिलेले काका आमच्याकडे येतात. त्यांचा असा रसभंग झाला की फार वाईट वाटतं.

थोडं वाचलं. बहुतेक ॲप एचएलएस नावाची व्हिडिओ पाठवायची पद्धत वापरतात, ॲपलनं २००९ मध्ये आणलेली. त्यात थेट चित्रणाचे साधारण ६ सेकंदांचे तुकडे पाडतात आणि ॲपमधला व्हिडिओ प्लेअर तीनेक तुकडे हाताशी ठेवून मगच दाखवायला लागतो. म्हणजे १८ सेकंद इथेच गेले. मग २०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन काही फायदा होईल का? आणि व्हिडिओ कॉल लगेच पोचतो, तर सामना का नाही?

प्रतिसाद १

भाऊ, प्लॅनवर पैसे घालू नका. १०० भरपूर झाले, उशीर स्पीडमुळे नाहीच.

व्हिडिओ कॉलमध्ये आलेलं चित्र लगेच दाखवतात, मध्ये काही हरवलं तर सोडून देतात. सामन्याचे तुकडे मात्र साध्या फाइली असतात. जागोजागच्या सीडीएन सर्व्हरवर (प्रेक्षकांच्या जवळ ठेवलेल्या साठवणीच्या संगणकांवर) त्यांची प्रत राहते आणि तीच हजारोंना वाटता येते. १९ नोव्हेंबर २०२३ ची विश्वचषक फायनल हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी लोक पाहत होते, ते याच जोरावर. २०१९ मध्ये ॲपलनं कमी उशिराचं एचएलएस जाहीर केलं. त्यात तुकडा पूर्ण व्हायच्या आधीच त्याचे बारीक भाग पाठवतात. पण ते वापरायचं की नाही हे ॲपवाले ठरवणार.

तुमच्या हातात एवढंच: राउटरपासून लॅनची वायर ओढा, वायफाय नको. मध्ये चित्र अडकलं तर प्लेअर तेवढा मागे पडतो आणि बरेचदा मागेच राहतो, तेव्हा 'लाइव्ह'चं बटण दाबा. फोनवरून मिररिंग (फोनचाच पडदा प्रोजेक्टरवर दाखवणं) करत असाल तर तेही बंद करा.

खरं सांगू का, हॉलवर डिशच बसवा. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असला तरी सिग्नलला वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनलाही द्यायला लावणाऱ्या २००७ च्या कायद्यामुळे भारताचे वनडे आणि टी-ट्वेंटी डीडी फ्री डिशवरही दिसतात, महिन्याचे पैसे लागत नाहीत.

धागाकर्ता

फार आभार भाऊ! फ्री डिशचा एक जुना बॉक्स एका सभासदाकडे पडून आहे. पण त्याला फक्त तीन रंगांची एव्ही पिन आहे आणि प्रोजेक्टरला एचडीएमआय. मध्ये कन्व्हर्टर लावला तर मोठ्या पडद्यावर बॉल नीट दिसेल, की एचडी बॉक्सच घ्यावा?