कोऱ्या धनादेशावर सही: जबाबदारी कोणाची?

प्रश्न (देवगड): हापूसच्या पेट्यांपोटी वाशीच्या व्यापाऱ्याने दिलेला धनादेश ‘अपुरी शिल्लक’ या शेऱ्यासह परत आला. सही आपली असली, तरी रक्कम व तारीख आपल्या हातची नाही, म्हणून आपण बांधील नाही, असे तो म्हणतो. हे कायद्याला धरून आहे का?

उत्तर: मुळीच नाही. सही करून कोरा धनादेश स्वेच्छेने हाती दिला, म्हणजे येणे असलेली रक्कम भरण्याची मुभाही दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले आहे. देणे नव्हतेच, हे दाखवण्याचा भार १८८१ च्या परक्राम्य लेख अधिनियमाच्या (धनादेश, हुंडी अशा लेखांच्या कायद्याच्या) कलम १३९ मुळे त्याच्यावर येतो. तरीही आडतीची पट्टी (आडत्याने दिलेला विक्रीचा हिशेब) आणि गाडीभाड्याच्या पावत्या जपून ठेवा, कारण उलटतपासणीत सगळा भर त्यांवरच असतो.

दुसरे उत्तर: मुदत मात्र हातची घालवू नका. धनादेश परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते. ती मिळाल्यावर त्याला पैसे देण्यास १५ दिवस असतात आणि त्यानंतर महिन्याभरात तक्रार दाखल करायची असते. धनादेश देवगडच्या खात्यात भरला असेल, तर खटलाही तिथेच चालतो. वाशीला खेटे घालावे लागत नाहीत.

प्रश्नकर्ता: पुढे डिमांड ड्राफ्टच घ्यावा का?

उत्तर: अवश्य. ड्राफ्ट बँक स्वतःवर काढते, त्यामुळे व्यापाऱ्याच्या शिल्लकेचा प्रश्नच उरत नाही. मात्र तो तीन महिन्यांच्या आत खात्यात भरा.