प्रतिसाद: फ्लोराइडची मर्यादा आणि माध्यमाचा खर्च

या चर्चेत कुणी म्हटलंय की पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडची मर्यादा कायद्यात घातली की ग्रामपंचायतीला फ्लोराइड काढणारं यंत्र बसवावंच लागेल. अर्धं बरोबर. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 1.0 मिग्रॅ/लिटर ही स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 ही कमाल पातळी आहे, पण ते मानक आहे, नळयोजनेवर कायद्याने बंधनकारक नाही. अमेरिकेत 1974 च्या सुरक्षित पेयजल कायद्याखालच्या मर्यादा मोडल्या तर पाणीपुरवठादाराला ग्राहकांना कळवावं लागतं. नायट्रेटच्या बाबतीत तर 24 तासांत. आपल्याकडे हे ग्राहकांना कळवण्याचं कलम आधी हवं.

पण यंत्र बसवणं सोपं, चालवणं अवघड. सक्रिय ॲल्युमिना, म्हणजे यंत्रातलं फ्लोराइड धरून ठेवणारं माध्यम, साधारण 5.5 ते 6 सामूला (pH) उत्तम काम करतं. आपलं बोअरचं पाणी बहुतेकदा 7.5 च्या वर, त्यात बायकार्बोनेट भरपूर, म्हणून माध्यम कागदावरच्या हिशोबाच्या कितीतरी आधी संपतं. मग कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणाने धुवायचं, आम्लाने उदासीन करायचं. ते फ्लोराइडयुक्त धुवण कुठे टाकायचं? बहुतेक ठिकाणी नाल्यात, म्हणजे पुन्हा विहिरीत. आरओच्या टाकाऊ पाण्याचंही तेच. निधी देणाऱ्या कायद्यात माध्यम बदलण्याचा आणि धुवण विल्हेवाटीचा खर्च वेगळ्या शीर्षाखाली नसेल तर दोन वर्षांत टाकीला कुलूप.

फ्लोराइड तपासायला पाण्याचा नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत घ्या, काचेच्या नको. आणि उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं.