मदत हवी आहे: अ‍ॅनिमल क्रॉसिंग या व्हिडिओ गेममध्ये रेडकडची खरी चित्रं कशी ओळखायची?

या मालिकेतल्या न्यू होरायझन्समध्ये आज रेडचं, म्हणजे खऱ्या-नकली कलाकृती विकणाऱ्या कोल्ह्याचं, जहाज बेटाच्या उत्तरेकडच्या लपलेल्या किनाऱ्याला लागलंय. आत चार नग आहेत: फेमस पेंटिंग (मोनालिसा), क्वेंट पेंटिंग (दूध ओतणारी बाई), फ्लॉवरी पेंटिंग (सूर्यफुलं) आणि रोबस्ट स्टॅच्यू (थाळीफेक करणारा). सगळ्यांची किंमत सारखीच, ४,९८० बेल्स (खेळातलं चलन). घ्यायचं मात्र एकच. कोणतं घेऊ? आणि नकली निघालं तर त्याचं करायचं काय?

प्रतिसाद १
लांबून बघून ठरवू नका. नगासमोर उभं राहून ए बटण दाबा आणि जवळून बघण्याचा पर्याय घ्या, म्हणजे चित्र पडदाभर दिसतं. मूळ चित्राचा फोटो शेजारी उघडा ठेवा, कारण खेळातला खरा नग मूळ कलाकृतीसारखाच असतो.

सूर्यफुलांची नकलीच नाही, ते डोळे मिटून घ्या. स्टारी नाइट, होकुसाईची मोठी लाट, पाण्यातली ऑफेलिया, पुतळ्यांत ‘थिंकर’ आणि राजा कामेहामेहा हेही कायम खरेच. बाकीचे तपासा:

मोनालिसा: नकलीत भुवया उंचावलेल्या असतात. मूळ चित्रात भुवया जवळपास दिसतच नाहीत.
दूधवाली: खऱ्यात दुधाची धार बारीक, नकलीत भसाभस.
थाळीफेक: नकलीच्या मनगटावर घड्याळ.

प्रतिसाद २
वरच्यात भर. जहाजाच्या आत उजेड मंद असतो, त्यामुळे रंगावरून ठरणारे नग हमखास फसवतात. रोझेटा शिलेची नकली निळसर असते, तर इतो जाकुचूच्या हायड्रेंजियात उलटं: खरी फुलं निळी, नकलीत जांभळी. वारा आणि वीज या देवांची दोन अर्धी चित्रं वेगवेगळी विकायला येतात. खऱ्या जोडीत डावा देव पांढरा आणि उजवा हिरवा. नकलीत रंगांची अदलाबदल असते.

पुतळ्यांत हात, कान आणि तोंड आधी बघा. डेव्हिडच्या बगलेत पुस्तक, नेफर्टिटीच्या कानात डूल, मिलोच्या व्हीनसच्या गळ्यात हार, ओल्मेक डोक्याच्या चेहऱ्यावर हसू किंवा लांडगिणीची जीभ बाहेर दिसली, तर तो पुतळा सोडा. चारांत एक तरी खरं असेलच, असं धरून चालू नका. काहीच पटलं नाही तर रिकाम्या हाताने परतलेलं बरं.

मूळ धागाकर्ता
धार बारीक आहे, मोनालिसाच्या भुवया वर आहेत, थाळीवाल्याच्या हातात घड्याळ आहे. म्हणजे दूधवाली आणि सूर्यफुलं दोन्ही खरी?

प्रतिसाद १
हो, दोन्ही खरी. आज दूधवाली घ्या. सूर्यफुलं पुन्हा कधीही आली तरी खरीच असणार, दूधवाली मात्र पुढच्या वेळी नकली येऊ शकते. दिवसाला एका नगाची मर्यादा प्रत्येक खेळाडूला वेगळी आहे. त्याच स्विच कन्सोलवर दुसऱ्या प्रोफाइलने कुणी तुमच्या बेटावर राहत असेल, तर सूर्यफुलं त्याच्याकडून घ्या. जहाज पहाटे ५ पर्यंतच आहे. चित्र दुसऱ्या दिवशी टपालपेटीत येतं, लगेच खिशात शोधू नका.

नकली निघालं तर ब्लॅथर्स (संग्रहालय सांभाळणारं घुबड) घेत नाही आणि नूक्स क्रॅनी या दुकानातही विकलं जात नाही. घरात लावा, नाहीतर कचरापेटी मांडून तिच्यात टाका. जास्तीचं खरं चित्र क्रॅनीत १,२४५ बेल्सला जातं, पण विकू नका. ज्याच्या संग्रहालयात ते नाही अशा मित्राशी अदलाबदल करा. त्याने दिलेलं खरं चित्रही ब्लॅथर्स स्वीकारतो.

प्रतिसाद २
नोव्हेंबर २०२१चं २.० अपडेट घेतलं असेल तर हार्व या पात्राच्या बेटावर १ लाख बेल्स भरून रेडचं कायमचं दुकान उघडा. मग जहाजाची वाट बघावी लागत नाही. तिथेही नकली माल असतो, तपासायची पद्धत हीच.